साडेआठ फुटांचं बिऱ्हाड

कर्ण जुळत नव्हते. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्यात टेप ताणली की एक माप यायचं आणि उलट बाजूनं ताणली की सहा सूत जास्त. आम्ही टेप बदलली, टोकं बदलली, मध्येच टेपला पोक येतोय का तेही वाकून पाहिलं. सहा सूत काही हटेनात. २४ फूट लांब, साडेआठ फूट रुंद लोखंडी सांगाडा, खाली चार चाकं, पुढे त्रिकोणी दांडी, आणि तो गुण्यात नव्हता. ज्यानं विकला त्याला फोन केला. ‘एवढा फरक चालतो,’ असं उत्तर आलं.

माल वाहायच्या ट्रेलरला चालतही असेल. पण या ट्रेलरवर घर उभं राहायचं होतं. भिंती, खिडक्या, मोरी, पोटमाळा, वर दोन पाखी. पायातला वाकडेपणा भिंतीबरोबर वर चढत जातो आणि छपराचे पत्रे बसवायच्या दिवशी हिशेब मागतो. मी ३५ वर्षं बांधकामावर काढली आहेत. हा हिशेब चुकवताना भल्याभल्यांना पाहिलं आहे. म्हणून सांगितलं, की लोखंडाचं लोखंडापाशी राहू द्या, आपण लाकडी पाट्या लोखंडाच्या कडेला न लावता दोरीला लावू. एका टोकाला पाटी तीन सूत आत घेतली, दुसऱ्या टोकाला तेवढीच बाहेर. परत कर्ण मोजले. या खेपेला दोन्हीकडे एकच माप आलं. शेजारीणबाई त्या पाट्यांवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, आता हे माझं घर झालं.”

गोष्ट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली, पोर्टलंड शहरातली. २०२२च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे गेलो होतो. समोरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या या बाई रुग्णालयात रात्रपाळीच्या नर्स. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगा शिकायला दूर गेलेला. दरवर्षी भाडं वाढत होतं आणि म्हातारपणी डोक्यावर कर्ज नको, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. मालकानं मोटार लावायची जागा वापरायला दिली. मुलगी मला बाबा म्हणते, म्हणून त्याही बाबा म्हणू लागल्या. दोन उन्हाळे मी त्यांच्या हाताखाली आणि त्या माझ्या हाताखाली, असं आम्ही काम केलं.

तिथे याला ‘टायनी हाउस’ म्हणतात. चित्रांत ते फार गोजिरवाणं दिसतं: डोंगर, सरोवर, लाकडी घर, दारात मोटार. पाहणाऱ्याला वाटतं, वाटेल तिथे घर घेऊन जायचं म्हणून ही चाकं. मलाही तसंच वाटलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हे बिऱ्हाड गाडीमागे. पण अशा घरांत राहणाऱ्या ज्या चार-सहा जणांना मी भेटलो, त्यांतल्या एकालाही फिरायची हौस नव्हती. त्यांना एका जागी राहायचं होतं. चाकं लावावी लागली, कारण चाकांशिवाय एवढं लहान घर बांधू देत नव्हते.

ही वाट रुळवणारा माणूस म्हणजे जे शेफर. आयोवा सिटीत राहायचा, चित्रकला शिकवायचा. १९९९मध्ये त्यानं स्वतःसाठी शंभर चौरस फुटांहूनही लहान घर बांधलं. त्याच्याकडच्या बांधकाम नियमांत घराचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं होतं. त्याखाली जाणाऱ्या घराला जमिनीवर परवानगी मिळत नव्हती. त्यानं घर ट्रेलरवर चढवलं. चाकं आली की कायद्याच्या लेखी ते घर उरत नाही, वाहनाबरोबरचं सामान होतं, आणि सामानाला किमान क्षेत्रफळ नसतं. शेफरनं पुढे ‘टम्बलवीड’ नावाची कंपनी काढली, नकाशे विकले, २००२मध्ये आणखी काही जणांबरोबर लहान घरांचा पुरस्कार करणारी संस्था उभी केली. त्याचं घर मात्र थट्टेचं खोपटं नव्हतं. उतरतं छप्पर, पुढे इवलीशी पडवी, प्रमाणात बसलेल्या खिडक्या. मोठ्या घराची सगळी अदब त्यात होती. मला वाटतं, या कल्पनेनं लोकांच्या मनात घर केलं ते त्या अदबीमुळे. गरिबीची खूण म्हणून लहान घर कुणालाच नको असतं.

शेफर ज्या देशात हे करत होता तिथे घरं फुगत चालली होती. अमेरिकेत नव्यानं बांधलेल्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १९७३मध्ये १,६६० चौरस फूट होतं, २०१५मध्ये ते २,६८७ झालं. त्याच काळात घरातली माणसं मात्र सरासरी तिनावरून अडीचवर आली. २००८च्या मंदीत कर्ज थकलेल्या लाखो कुटुंबांची घरं गेली, आणि मग ही चाकांवरची घरं कुतूहलाच्या रकान्यातून निघून लोकांच्या पैशांच्या हिशेबात आली. २०१४पासून त्यांच्यावर दूरचित्रवाणीच्या मालिका सुरू झाल्या. त्यांनी प्रसिद्धी दिली, पण बांधणाऱ्याला काय काय निस्तरावं लागतं ते दाखवलं नाही. म्हणून ते जरा बैजवार सांगतो.

* * *

या घराचा नकाशा आर्किटेक्टच्या आधी रस्ता काढतो. खास परवाना न घेता अमेरिकेच्या रस्त्यावरून न्यायचं तर घराची रुंदी ८ फूट ६ इंच आणि उंची बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच, यापुढे जाता येत नाही. छपराच्या वळचणीसकट, दिव्यांसकट. आता उंचीचं गणित पाहा. ट्रेलरचं तळ जमिनीपासून दोन फुटांवर. उरले साडेअकरा. त्यातून जमीन आणि छप्पर यांची जाडी दहाएक इंच वजा केली की आढ्याखाली १० फूट ८ इंच राहतात. यातच खाली उभं राहायचं आणि वर झोपायचं. पोटमाळ्याखाली ६ फूट ४ इंच सोडले, पोटमाळ्याची जाडी साडेचार इंच धरली, तर वर आढ्याखाली चार फूटसुद्धा भरत नाहीत. तेही ऐन मध्यावर. कडेला पाखं डोक्याला टेकतं. शेजारीणबाई साडेपाच फुटी. पोटमाळ्यावर त्या ताठ बसू शकत, उभ्या राहू शकत नव्हत्या. त्यांनी हे आधीच करून पाहिलं होतं: भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलाखाली गादी घालून चार रात्री झोपल्या होत्या.

रुंदीचं तसंच. तिकडे भिंतीला ‘टू-बाय-फोर’ म्हणून जे लाकूड मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. त्यावर बाहेरून प्लायवूड आणि फळ्या, आतून पातळ फळी. एकेक भिंत सव्वापाच इंचांची झाली. दोन्ही भिंती वजा जाता आत साडेसात फुटांच्या वर जेमतेम काही उरतं. लांबी धरून हिशेब केला तर १७० चौरस फुटांच्या आसपास.

हा आकडा मी कागदावर लिहिला आणि थोडा वेळ पाहत राहिलो. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. आम्ही आठ जण. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, संडास सामाईक. तिथे वाढलेल्या माणसाला १७० चौरस फुटांत एकटीनं राहणं ही चैन वाटावी. पण मी तसं बोललो नाही, कारण गणित इतकं सरळ नाही. आमची खोली १६० फुटांची होती, आमचं घर त्याहून फार मोठं होतं. अभ्यास गॅलरीत व्हायचा, उन्हाळ्यात झोप गच्चीवर, पापड जिन्यात वाळायचे, पाहुणे शेजारच्या खोलीत निजायचे. पहाटे कुणीतरी गॅलरीतून “पाणी आलं!” म्हणून हाक द्यायचं आणि अख्खा मजला उठायचा. लहान खोली सोसते ती खोलीबाहेर जे असतं त्याच्या जोरावर. ट्रेलरवरच्या घराला गॅलरी कुठून आणायची, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून राहिला.

* * *

१९९३च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिशीतला इंजिनीअर होतो आणि नंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर काही महिने होतो. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीनं लादलेलं माळवद. भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. जमीन हलली तशा चारी दिशांना सुटल्या आणि वरचा भार माणसांवर आला. तिथे जे शिकलो ते पुढे कधी विसरलो नाही: घर हलकं हवं आणि त्याचा प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून हवा.

ट्रेलरवरच्या घराला हाच नियम, फक्त जास्त कडक. जमिनीवरच्या घराला मोठा भूकंप जन्मात एखादा. हे घर दर खेपेला रस्त्यावर आलं की प्रत्येक खड्डा त्याला हादरा देतो आणि समोरून वादळी वेगाचा वारा तासन् तास बसत राहतो. म्हणून भिंती ट्रेलरला नुसत्या ठेवून चालत नाहीत. लोखंडाला वेल्ड केलेले आटेदार गज पाटीतून वर काढतात, कोपऱ्यांना पोलादी पट्ट्या भिंतीच्या उभ्या लाकडांना आवळतात, छपराचा प्रत्येक वासा पट्टीनं भिंतीला बांधतात. वाऱ्यानं छप्पर वर ओढलं तर ती ओढ वाशातून भिंतीत, भिंतीतून पाटीत आणि पाटीतून थेट ट्रेलरच्या लोखंडात उतरली पाहिजे. मध्ये एक दुवा जरी सैल राहिला तरी घर तिथेच उघडतं.

खिळा की स्क्रू यावर आमचा दोन दिवस वाद झाला. बाई म्हणायच्या स्क्रू, कारण साधा खिळा हादऱ्यानं हळूहळू वर येतो. ते खरंच आहे. पण बाजूनं कातरणारा ताण आला की कडक पोलादाचा बारीक स्क्रू कटकन तुटतो. खिळा वाकतो, पण धरून राहतो. शेवटी अंगावर वळ्या असलेले खिळे घेतले, जे धड वर येत नाहीत आणि धड तुटतही नाहीत, आणि प्लायवूडच्या मागे सांगाड्याला सरस लावला. सरसामुळे भिंत एकसंध डब्यासारखी वागते. पहिली भिंत उभी केल्यावर बाईंनी तिला खांद्यानं धक्का दिला. भिंत हलली नाही, पण खालचा अख्खा ट्रेलर आपल्या पाट्यांच्या स्प्रिंगवर डुलला. त्या मनापासून हसल्या. मला मात्र घर डुलतंय हे पोटात गोळा आणणारं वाटलं. माझ्या धंद्यात पाया हलत नसतो.

चाकांच्या कमानी आत येतात, त्यांचं काय करायचं यात खरी हुशारी लागते. बाईंनी एका कमानीवर ओटा घेतला आणि दुसरीवर बैठक. बैठकीचं झाकण उचललं की आत अंथरुणं. पोटमाळ्यावर जायला शिडी नको, हे मी हट्टानं सांगितलं. पंचविशीत शिडी चढायला मजा येते. साठीत रात्री दोन वाजता उठून उलट पावली उतरायचं असतं. जिना जागा खातो, म्हणून प्रत्येक पायरीच्या पोटात खण काढला. तांदूळ, कपडे, औषधं, हत्यारं. आमच्या चाळीत आईनं पलंगाखाली, मोरीवरच्या फळीवर आणि दाराच्या पाठीमागे जे केलं होतं तेच हे. सुताराच्या हातानं केलं म्हणून देखणं.

* * *

पहिला उन्हाळा संपला तेव्हा सांगाडा आणि छप्पर झालं होतं. मी परत आलो. पोर्टलंडचा हिवाळा म्हणजे महिनोन् महिने रिपरिप. पुढच्या मे महिन्यात गेलो तर बाईंचा चेहरा उतरलेला. जमिनीचं प्लायवूड एका कोपऱ्यात मऊ लागत होतं. आम्ही ते उचकटलं. ट्रेलरच्या लोखंडी चौकटींत त्यांनी काचेची लोकर भरली होती, खाली पत्रा, वर प्लाय. दाराच्या उंबऱ्याखालून पाणी शिरलं होतं आणि लोकरीनं ते हिवाळाभर धरून ठेवलं होतं. पत्र्याला निचऱ्याची भोकं नव्हती. लोकर हातात घेतली तर ओल्या घोंगडीसारखी जड, खाली पत्र्यावर तांबडा गंज. तीन आठवडे त्यात गेले. सगळं काढलं, लोखंड घासून रंगवलं, पाणी न पिणारे फोमचे कडक ठोकळे बसवले, सांधे फोमनं बुजवले, पत्र्याला भोकं पाडली, उंबऱ्याला पत्र्याची पन्हळ केली. त्या तीन आठवड्यांत बाई फारसं बोलल्या नाहीत. रात्रपाळी करून यायच्या, चार तास झोपायच्या आणि गुडघ्यावर बसून गंज घासायच्या. घर बांधणं म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मला आता त्यांचे ते तांबडे झालेले हात आठवतात.

बाहेरचं पाणी अडवता येतं. आतलं जास्त चिवट. एवढ्याशा बंद जागेत माणूस श्वास सोडतो, आंघोळ करतो, भात शिजवतो, आणि ती वाफ जाऊन जाऊन थंड काचेवर आणि गादीखाली बसते. त्यात गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. धुरांडं नसलेली शेगडी ऊब देता देता घरात तेवढं पाणी सोडत असते. म्हणून शेगडीला बाहेर तोंड असलेलं धुरांडं, आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिची ऊब आतच ठेवणारा पंखा, आणि गादीखाली फळ्यांमध्ये बोट-बोट फट. पोटमाळ्याला निसटता येईल एवढी खिडकी. आग लागली तर जिना पहिला पेटतो. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रं मी स्वतः लावली आणि तीनदा वाजवून पाहिली.

* * *

आता जागेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाकीचं अर्धवट आहे.

शेफरच्या नंतर या घरांच्या संदर्भात सर्वांत जास्त ऐकलं जातं ते डी विल्यम्स यांचं नाव. चाळिशीत हृदयाचा गंभीर आजार निघाला. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात एका मासिकात शेफरच्या घराबद्दल वाचलं आणि त्यांनी पोर्टलंडमधलं तीन बेडरूमचं घर विकायचं ठरवलं. २००४मध्ये ८४ चौरस फुटांचं घर स्वतः बांधलं, बरंचसं साहित्य जुनं, पडीक, खर्च सुमारे १०,००० डॉलर. ते त्यांनी ऑलिंपिया गावी नेलं आणि मित्रकुटुंबाच्या परसात उभं केलं. घरात नळ नव्हता, न्हाणीघर नव्हतं. पाणी शेजारच्या घरातून, आंघोळही तिथेच. ‘द बिग टायनी’ हे त्यांचं पुस्तक २०१४मध्ये आलं. बहुतेक जण ८४ या आकड्यानं थक्क होतात. मला त्या परसाचं मोल जास्त वाटतं. ते परस आणि त्यातली माणसं हीच त्यांची गॅलरी.

अमेरिकन लेखक थोरोचं तरी दुसरं काय होतं? १८४५मध्ये वॉल्डन तळ्याकाठी त्यानं १० बाय १५ फुटांची झोपडी बांधली. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन तिच्या फळ्या वापरल्या आणि एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा चोख लिहून ठेवला. त्या जमाखर्चात जमिनीची किंमत नाही. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. १५० चौरस फुटांत माणूस स्वतंत्र होऊ शकतो, पण ते १५० फूट कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर टेकलेले असतात.

कायदा इथेच अडतो. २०१८च्या आवृत्तीत अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेला ‘क्यू’ नावाचं परिशिष्ट जोडलं गेलं. ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान घरांसाठी त्यात सवलती आहेत: खोलीची उंची ६ फूट ८ इंच चालेल, न्हाणीघराची ६ फूट ४ इंच, पोटमाळा किमान ३५ चौरस फुटांचा. मोठी गोष्ट झाली. लहान घर हे घर आहे, असं पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं. पण हे पायावर उभ्या घरांसाठी. चाकांवरचं घर पुन्हा बाहेरच. ते करमणुकीच्या वाहनांत मोजलं जातं, आणि अशा वाहनात बऱ्याच गावांत कायम राहता येत नाही. बँक त्याला गृहकर्ज देत नाही, कारण ते स्थावर नाही. विमा काढताना घराचा विमावाला वाहनवाल्याकडे पाठवतो आणि वाहनवाला परत घरवाल्याकडे. शेजारीणबाईंनी विम्याच्या कागदांत जेवढ्या दुपारी घालवल्या तेवढ्यात आमचं अख्खं छप्पर झालं होतं. स्वस्ताईचंही नीट समजून घ्यायला हवं. चौरस फुटाचा दर काढला तर हे घर महागच पडतं, कारण मोरी, ओटा, वीज आणि शेगडी यांचा खर्च जागेबरोबर आटत नाही.

काही शहरांनी मात्र दार उघडलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोनं २०१६मध्ये अशा घराला परसातलं कायमचं घर म्हणून मान्यता दिली. लॉस एंजेलिसनं २०१९च्या डिसेंबरात. पोर्टलंडमध्ये पुष्कळ जण आधीपासूनच लपूनछपून राहत होते. १ ऑगस्ट २०२१पासून निवासी भूखंडावर असं एक घर उभं करून राहायला रीतसर मुभा मिळाली. अट अशी की घरात नळ-संडास असतील तर ते गटाराला जोडायचे. म्हणून बाईंनी भुसा टाकायच्या कोरड्या संडासाचा बेत सोडला आणि साधा पाण्याचा बसवला. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका मैत्रिणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, मागे मोठं परस, सफरचंदाची दोन झाडं. जागेचं भाडं ठरलं, कागद झाला. बाईंनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. त्या दिवशी त्यांच्या आवाजात जी उमेद होती ती कर्ण जुळले त्या दिवसापेक्षाही जास्त होती.

* * *

न्यायच्या आदल्या दिवशी आम्ही घर मालट्रकांच्या वजनकाट्यावर नेलं. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या जशा काट्यावर चढतात तसंच. ओढायला भाड्यानं घेतलेली भारी पिकअप आणि तिचा अनुभवी चालक. एकूण वजन भरलं ५,२६० किलो. ट्रेलरची ताकद ६,३५० किलो, म्हणजे तिथे निभावलं. पण दांडीवर, जिथे ट्रेलर गाडीला जुंपतो तिथे, आले जेमतेम ४२० किलो. आठ टक्के. हवेत १० ते १५ टक्के. चालक मान हलवून म्हणाला, असं नेणार नाही.

त्याचं बरोबर होतं. बैलगाडी उलार भरली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. इथेही तेच, आणि वर वेग. मागं जड असलेला ट्रेलर एकदा शेपूट हलवायला लागला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी तो गाडीलाच फिरवतो. घर वाचवायला विजेचे ब्रेक असतात, साखळ्या असतात, ट्रेलर सुटलाच तर पिन निघून आपोआप ब्रेक लावणारी बॅटरी असते. पण दांडीवरचं वजन चुकलं की हे सगळं उशिरा कामाला येतं. आम्ही काट्याच्या बाजूला घर लावलं आणि दार उघडलं. मागच्या टोकाला काय काय होतं! उरलेल्या फरश्यांची खोकी, बिडाचे तवे, पुस्तकं, माझी-त्यांची हत्यारं. एकेक उचलून पुढच्या भिंतीपाशी नेलं आणि पट्ट्यांनी बांधलं. सव्वाशे-दीडशे किलो तरी वाहिलं असेल. परत काट्यावर. दांडीवर साडेपाचशे. चालक काहीही न बोलता गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार, पहाटे साडेपाचला निघालो. मुलीच्या मोटारीतून मी मागे. रिकाम्या रस्त्यावरून एक घर चाललेलं, खिडक्यांना पडदे, दाराशी पितळी दिवा, आणि प्रत्येक सिग्नलला त्याचे लाल दिवे लागायचे. एका पुलाखालून जाताना मी श्वास धरला. आम्ही उंची चारदा मोजली होती, तरी धरला. ११ किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. परसाच्या फाटकातून मागं घेताना सफरचंदाची एक फांदी वळचणीला घासली, तेवढंच.

मग जॅक लावले. चारी कोपऱ्यांना, मध्ये चाकांशेजारी दोन. मी आत पाणसळ घेऊन उभा, बाई बाहेर जॅक फिरवताहेत. थोडं वर. अजून. बस. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला. स्प्रिंगवरचा भार उतरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मी आत पाऊल टाकलं तर घर डुललं नाही. दार लोटलं तर चौकटीत अलगद बसलं, कुठेही न घासता.

दुपारी गटाराचा पाइप जोडला, वीज आली. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी मैत्रिणीच्या घराच्या नळापासून गवतातून आणून भिंतीतल्या तोंडाला आवळली. मैत्रीण आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, हात तोटीवर. मी नळीपाशी, गळतंय का बघत. बाई आत, मोरीत.

“सोडलं,” खिडकीतून हाक आली.

नळी फुगली, थोडी सरकली. आतून आधी हवेचा फुरफुराट, मग थोडा वेळ काहीच नाही.

“आलं का?”

“आलं!” मोरीतून बाई ओरडल्या. “पाणी आलं!”